बस थांबवायला सांगा, ताई

"डॉक्टर मॅडम, मी जुळे सोलापूरला राहते, वय ६१. गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळाबरोबर रामेश्वर-कन्याकुमारीला गेले होते, दहा दिवस. घरी सकाळी चहा झाला की माझं पोट साफ होतं. तिथं चार दिवस काहीच झालं नाही. सारखं 'गाडी थांबवा' म्हणायला नको म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. चौथ्या रात्री बरोबरच्या एका बाईंनी चूर्ण दिलं, ते दोन चमचे घेतलं. दुसऱ्या दिवशी मदुराईहून रामेश्वरला जाताना बसमध्ये अशी कळ आली की काय सांगू. रस्त्यात गाडी थांबवावी लागली, सगळे बघत होते. नंतर दोन दिवस रक्तही पडलं. आता डिसेंबरात मंडळ काशी-प्रयाग-अयोध्येला निघालंय, नऊ दिवस. जाता-येता रेल्वे, तिथं बस. पैसे भरलेत, पण मनातून भ्यायलेय. चहा-बिस्किटावर नऊ दिवस काढावेत, की जाऊच नये? मला बीपीची गोळी आहे, शिवाय लोहाची आणि कॅल्शियमची. पोटाचं असलं कुणाला सांगावं ओ?"

ताई, काशीला जाऊन या. चहा-बिस्किटाचा विचार मात्र आजच सोडा. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, नऊ दिवस त्यावर राहिलात तर पोट हमखास अडणार. पण खाण्यापिण्याचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातल्या एका ओळीशी मी थांबले, तिथून सुरुवात करते.

तुम्ही लिहिलंय, दोन दिवस रक्त पडलं. आणि पत्राच्या शेवटी लोहाची गोळी लिहिलीय. तुम्ही या दोन गोष्टी लांब-लांब ठेवल्यात, मला त्या शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. लोहाची गोळी कशासाठी लागली? हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लागली असेल, तर पाळी बंद होऊन इतकी वर्षं झाल्यावर ते कमी का झालं, हे कुणी शोधलं का? खडा झालेल्या शौचानं गुदद्वाराला चीर पडते, किंवा आधीची मूळव्याध दुखावते, लाल ताजं रक्त पडतं आणि पोट मऊ झालं की थांबतं. तुमचंही तेच असण्याची शक्यता जास्त आहे. पण पन्नाशीनंतर, आणि तेही हिमोग्लोबिन कमी असताना, 'मूळव्याधच असणार' असं धरून चालणं मला मान्य नाही. मूळव्याध समजून वर्षभर मलम लावत बसलेल्या आणि आतड्याची गाठ उशिरा सापडलेल्या बायका मी माझ्या दवाखान्यात पाहिल्यात. त्या सगळ्याजणी 'कुठं दाखवायचं असल्या जागचं' म्हणून थांबल्या होत्या.

म्हणून याच आठवड्यात सर्जनकडे जा. बोटानं आणि एका छोट्या नळीनं तपासतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगून वेळ घ्या, त्यात काही कमीपणा नाही. हिमोग्लोबिन करून घ्या. त्यांनी आतड्याची दुर्बिणीची तपासणी सुचवली तर ती सहलीआधी करा, 'आल्यावर बघू' म्हणू नका. आणि त्यांना तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोट बांधतात. या नऊ दिवसांत त्या बंद ठेवल्या तर चालेल का, हे त्यांना विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोट अडतं, पण ती गोळी आपल्या मनानं एक दिवसही चुकवायची नाही. बस लागू नये म्हणून जी गोळी घेतात तिनंही तोंड कोरडं पडतं आणि आतडं मंदावतं. घाट नसेल, त्रास नसेल, तर ती उगाच घेऊ नका.

आता त्या रामेश्वरच्या बसमध्ये काय झालं ते बघू.

घरी तुम्ही उठता, चहा घेता आणि थोड्या वेळानं जाऊन येता. आपण म्हणतो सवय आहे, पण ही सवय शरीराच्या चालीवर बसलेली असते. रात्री मोठं आतडं जवळजवळ निजलेलं असतं. माणूस उठून हिंडू-फिरू लागला की ते जागं होतं, आणि पोटात काही गेलं की त्याच्यात मळ पुढं ढकलणाऱ्या लाटा सुरू होतात. दिवसातली सगळ्यात मोठी हाक हीच. सहलीत नेमकी त्याच वेळी काय गडबड असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे पाचला मॅनेजर दारं वाजवतो. खोलीत चौघी आणि संडास एक. आत बसावं तर बाहेर कुणीतरी टॉवेल खांद्यावर टाकून "झालं का ओ?" म्हणत उभी. तुम्ही म्हणता, जाऊ दे, पुढच्या मुक्कामी बघू. हाक अडवली की ती विरून जाते, मळ तिथंच राहतो, आणि आतडं त्यातलं पाणी शोषतच राहतं. त्यात तुम्ही वरून येणारं पाणीही तोडलंत. पहिल्या दिवशी जे सहज झालं असतं ते तिसऱ्या दिवशी घट्ट झालं आणि चौथ्या दिवशी खडे.

मग चूर्ण. बाजारातल्या बहुतेक रेचक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारल्यासारखी हलवते, आणि घेतल्यापासून साधारण ६ ते १२ तासांनी. रात्री नऊला घेतलंत, तर ते पहाटे तीनपासून सकाळी नऊपर्यंत कधीही लागू पडणार. नेहमी न घेणाऱ्या बाईनं पहिल्याच वेळी दोन चमचे घेतले, आणि पुढं खडे अडकलेले. कळ येणारच होती. ज्यांनी चूर्ण दिलं त्यांच्यावर राग धरू नका, त्यांनी मायेनंच दिलं असणार. पण प्रवासाच्या आदल्या रात्री रेचक घ्यायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

यात औषधापेक्षा मोठा भाग लाजेचा आहे, आणि मला त्याबद्दल सविस्तर बोलायचंय. सोलापूरहून पुण्याला जाताना टेंभुर्णीला किंवा भिगवणला गाडी थांबली की बघा. पुरुष पटापट उतरतात. बायका खिडकीतून वाकून "किती वेळ थांबणार?" एवढंच विचारतात आणि तशाच बसून राहतात. हातात पाण्याची भरलेली बाटली, झाकण न उघडलेली. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलं: घरी जाऊन ये, बाहेर मागू नकोस, दाबून धर. लघवी दाबल्यानं जळजळ होते हे तरी आता बायका बोलतात, शौचाचं कुणीच बोलत नाही. आयुर्वेदात मलमूत्राचे वेग अडवू नयेत हे निक्षून सांगितलंय आणि आजचं वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. अडवायची सवय लागली की काही वर्षांनी हाक यायचीच कमी होते. त्या बायका मग आयुष्यभर चूर्णाच्या डब्याला बांधलेल्या राहतात.

तर निघायच्या आधी, फोनवर, सहलीच्या मॅनेजरला दोन वाक्यं सांगा. एक: "मला दर अडीच-तीन तासांनी चांगल्या संडासापाशी गाडी थांबलेली लागेल." दोन: "सकाळी निघायच्या आधी मला खोलीतला संडास अर्धा तास मोकळा हवा." कारण सांगत बसू नका. त्यानं विचारलंच तर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा, मी सांगितलेलंच आहे. शक्य असेल तर दोघींची खोली मागा, थोडे पैसे जास्त पडले तरी. आणि मंडळात हे आधी बोला. तुम्ही तोंड उघडलंत की तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्या आणखी तिघी-चौघी निघतील, आणि मग पहाटेचे नंबर आपसांत ठरवता येतील. गेल्या वर्षी सगळे बघत होते असं तुम्ही लिहिता. त्या बघणाऱ्यांतल्या काहीजणी स्वतःही तीन दिवस अडलेल्या असतील.

बाकीच्यांच्या तासभर आधी उठा. पाचला निघायचं तर साडेतीनला. झोप कमी होईल, म्हणून रात्री भजन आटोपलं की लवकर पाठ टेका. निजताना थर्मासमध्ये गरम पाणी भरून उशाशी ठेवा. हॉटेलचा चहा साडेपाचला येतो आणि तुमच्या पोटाला घोटभर गरम आधी लागतं, त्याला स्वयंपाकघराची वाट बघायला लावू नका. चहाच लागत असेल तर पुड्या बरोबर न्या. दोन-चार खजूर किंवा एक केळं खा, खोलीतच जरा येरझाऱ्या घाला आणि मग जाऊन बसा. हाक येवो न येवो, दहा मिनिटं बसायचं. कुंथायचं नाही, मोबाइल न्यायचा नाही. झालं तर झालं, नाही तर उठायचं.

बसायच्या पद्धतीचंही सांगते. उकिडवं बसलं की शेवटचा मार्ग सरळ होतो, कमोडवर पाय खाली सोडून बसलं की तो किंचित मुडपलेला राहतो. पण तुमच्या वयाला गुडघे भारतीय बैठकीला तयार असतीलच असं नाही. कमोडच असेल तर पायांखाली बाथरूममधला बसायचा बुटका स्टूल घ्या आणि थोडं पुढं वाका, कोपरं मांडीवर. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. स्टूल नसेल तर मॅनेजरकडे मागा. बादली पालथी घालून तिच्यावर पाय ठेवू नका, ओल्या फरशीवर ती सटकते.

रेल्वेत पहाटे चार-साडेचारला जाऊन या, सहानंतर रांग लागते. संडास घाण असेल किंवा पाणी नसेल तर १३९ वर फोन करा, तो नंबर त्यासाठीच आहे. साबणाच्या कागदी पट्ट्या, जुन्या मऊ सुती कापडाचे तुकडे किंवा टिश्यू आणि पाण्याची एक वेगळी बाटली छोट्या पिशवीत घालून ती पिशवी सीटलाच अडकवा. बॅगेच्या तळाशी ठेवलीत तर ती काढायच्या कंटाळ्यानंच तुम्ही उठणार नाही.

पाण्याबद्दल. उगाच चार लिटर प्यायचं कारण नाही. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरलं. पण आपण सोलापूरचे लोक उन्हानं तहान लागली की पिणारे. डिसेंबरात काशीला थंडी असते, तिथं तहान लागणार नाही आणि तुम्ही नकळत कोरड्या पडाल. म्हणून प्रत्येक थांब्याला अर्धा ग्लास, तहान असो नसो. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेच माप पाळा.

आता इसबगोल. दवाखान्यात मी हे टेबलावर करून दाखवते, तुम्ही घरी करून बघा. अर्धा कप पाण्यात एक चमचा भुसा टाका आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. परत बघाल तर पाणी दिसतच नाही, घट्ट बुळबुळीत लगदा होतो, चमचा त्यात उभा राहील असा. पोटात हेच होतं. पाणी भरपूर असेल तर हा लगदा मळाला मऊ ठेवून पुढं नेतो. पाणी नसेल तर हाच लगदा वाटेत अडतो. त्यामुळे दोन छोटे चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचे, आणि वर अजून एक ग्लास पाणी. कोरडा तोंडात टाकायचा नाही. इसबगोल त्याच दिवशी लागू पडत नाही, दोन-तीन दिवस लागतात, सुरुवातीला थोडा गॅसही होतो. म्हणून निघायच्या दहा दिवस आधी एका चमच्यानं सुरू करा, रोज रात्री, आणि सहलीत तसंच चालू ठेवा. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. आणि पोट आधीच चार दिवस अडलं असेल, फुगलं असेल, तेव्हा इसबगोल घ्यायचा नाही.

खाण्यात तुमचं मुख्य दुखणं हे, की घरची भाकरी एकदम सुटते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमही नसतो. आपल्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतो. जी बाई रोज दोन भाकरी, पालेभाजी आणि कांदा खाते ती दुसऱ्या दिवसापासून कचोरी, ब्रेड आणि भातावर आली, तर आतड्याला ढकलायला काही उरतच नाही. आणि आपल्या गावाला तर याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. कडक भाकरी घ्या, पंधरा-वीस. नऊ दिवस सहज टिकते. फक्त ती कोरडी चावत बसू नका. तिच्यातलं पाणी निघून गेलेलं असतं, ते परत द्यावं लागतं. जेवणात मिळेल त्या डाळीत, रश्श्यात किंवा दह्यात ती कुस्करा, पाच मिनिटं मुरू द्या आणि मग खा. शेंगा चटणी न्या, पण जरा कमी तिखट कुटा. चीर असेल तर खालच्या वाटेला ते तिखट झोंबतं.

काळे मनुके न्या, रात्री मूठभर भिजवून सकाळी पाण्यासकट खा. अंजीर असेल तर दोन. प्रयागला गेलात की पेरू घ्या, तिथला लालसर पेरू नावाजलेला आहे आणि डिसेंबर हा त्याचाच हंगाम. अख्खा घ्या, स्वतः धुवा, स्वतः कापा. गाडीवर कापून ठेवलेली पपई-काकडी नको. तिकडं सत्तूचं पीठ मिळतं, भाजलेल्या हरभऱ्याचं. ते पुडा घेऊन आपल्या पाण्यात कालवून प्या, पोटाला उत्तम. मधे एकादशी आली तर साबुदाण्यावर राहू नका, त्यात पिठूळपणाशिवाय जवळजवळ काही नाही. रताळं, राजगिरा, फळं घ्या. आणि एक विनंती, तुमच्या श्रद्धेचा पूर्ण मान ठेवून करते: गंगेचं पाणी डोळ्यांना लावा, डोक्यावर घ्या, बाटलीत भरून देवघरासाठी आणा, पण तिथं ओंजळीनं पिऊ नका.

एवढं करूनही दोन दिवस झालं नाही तर घाबरू नका. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही, आठवड्यात तीन वेळाही निरोगी माणसाला पुरतं. तिसऱ्या दिवशी मुक्काम असेल तेव्हा ग्लिसरीनची बत्ती वापरा. गुदद्वारातून घालायची असते, बहुधा तासाभराच्या आत काम होतं, आणि ते खोलीत होतं, बसमध्ये नाही. पाच बत्त्या बरोबर ठेवा, हीटरजवळ ठेवू नका, वितळतात. मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं पातळ औषध सर्जनकडूनच प्रमाण ठरवून घ्या. त्याला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे ते पहिल्या चुकलेल्या दिवशीच सुरू करायचं. पण पोट फुगून दगड झालं, उलट्या सुरू झाल्या, वाराही सरेना, तर बत्ती नाही, चूर्ण नाही, सरळ जवळचं हॉस्पिटल. रक्त पुन्हा पडलं तरी तेच, आणि लोह चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं तरीही तेच.

जुलाबाचं थोडक्यात. ओआरएसची मोठी पुडी, एक लिटर पाण्यात अख्खी, अर्धी-अर्धी करून नाही. औषधाच्या दुकानातून घ्या आणि पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते वाचा, गोड सरबताची खोकी त्या कामाची नाहीत. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब थांबवायची गोळी ताप असताना किंवा रक्त-शेंब पडत असताना घ्यायची नाही. आणि जुलाब सुरू असताना बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारा, अंगातलं पाणी गेलं की बीपी फार खाली येऊ शकतं.

तुम्ही विचारलंत, पोटाचं असलं कुणाला सांगावं. सर्जनला याच आठवड्यात सांगा. मॅनेजरला निघायच्या आधी सांगा. आणि शेजारच्या सीटवर जी मैत्रीण बसेल तिला पहिल्याच दिवशी, म्हणजे गाडी थांबवायला तुमच्याबरोबर तिचाही आवाज येईल. मला तर सांगितलंतच. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की तो आकडा मला दोन ओळींत कळवा, मी वाट बघतेय.